विजेवरच्या एसयूव्हीला 18 इंची अलॉय: हौस मान्य, 'काही फरक पडत नाही' हे अमान्य

घाटमाथा

परवा या मंचावर एका सदस्यांनी आपल्या विजेवरच्या एसयूव्हीची 16 इंची चाके काढून 18 इंची अलॉय बसवल्याचे लिहिले, छायाचित्रेही दिली आणि शेवटी म्हटले की, "रेंज (एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर) कमी होते ही कंपन्यांनी घातलेली भीती आहे. पेट्रोल गाड्यांना आपण वर्षानुवर्षे मोठे अलॉय लावत आलो, काही फरक पडत नाही." गाडी त्यांची, पैसा त्यांचा, हौसही त्यांची, त्याबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. मात्र त्या शेवटच्या वाक्याखाली 'मग मीही लावतो' असे प्रतिसाद येऊ लागले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

त्यांचे मूळ माप 215/60 आर16, म्हणजे टायरची रुंदी 215 मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्याच्या 60 टक्के, अर्थात 129 मिलिमीटर, आणि रिम 16 इंची. नव्या 225/45 आर18 ची उंची 101 मिलिमीटर. एकूण व्यास 664 वरून 660 वर आला, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही, हे त्यांना चाके विकणाऱ्या दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. परंतु खड्ड्याचा दणका सोसणारे 28 मिलिमीटर रबर आणि हवा गेली, याचा उल्लेख त्याने केलेला दिसत नाही. त्यातच बॅटरीमुळे ही गाडी आपल्या पेट्रोल भावंडापेक्षा जड असते. जुन्या टायरवर 95 हा भारांक (टायर किती भार पेलतो हे सांगणारा, त्यावर छापलेला क्रमांक) असेल तर तो 690 किलो पेलतो. या नव्या मापात साधा टायर घेतला तर भारांक 91, म्हणजे 615 किलो. एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, शिक्का असलेला टायर घेतला तरच पुन्हा 95 मिळतो. छायाचित्रांत नक्षी दिसते, भारांक दिसत नाही.

आता रेंजचे पाहू. 1600 किलोच्या गाडीला कमी घर्षणाचे टायर असतील आणि त्यांचा रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर फिरताना होणाऱ्या विरोधाचा) गुणांक 0.008 धरला, तर शंभर किलोमीटरमागे केवळ टायर फिरवण्यासाठी साधारण साडेतीन युनिट लागतात. गुणांक 0.011 झाला की तोच आकडा 4.8 युनिटांवर जातो. गाडी शंभर किलोमीटरला 14 युनिट घेत असेल, तर ही नऊ टक्क्यांची वाढ झाली. ब्रेक लावताना रीजनमधून, म्हणजे मोटरच जनरेटरसारखी चालून, वेगाची ऊर्जा काही प्रमाणात परत मिळते, टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मिळत नाही. शिवाय मूळ चाकावरील सपाट, जवळजवळ बंद नक्षी ही हवेचा विरोध कमी करण्यासाठी असते. तिच्या जागी पाच उघड्या दांड्यांचे चाक आले की महामार्गावर त्याचाही भुर्दंड पडतो.

दर्यावर्दी

घाटमाथा, आपला हिशेब वाचायला चांगला आहे, पण तो 0.008 आणि 0.011 या आपण निवडलेल्या दोन आकड्यांवर उभा आहे. मोठे चाक म्हणजे जास्त घर्षण असा नियम कोठेही नाही. घर्षण टायरच्या रबरावर आणि बांधणीवर ठरते.

मी चिपळूणला राहतो. माझ्या गाडीबरोबर आलेले ते कमी घर्षणाचे टायर पावसाळ्यात काय करतात, हे मी रोज अनुभवले आहे. ओल्या चढावर थांबून पुन्हा निघताना मोटरचा पूर्ण जोर एका क्षणात पुढच्या चाकांवर येतो, चाके जागच्या जागी फिरतात, चाके घसरू नयेत म्हणून असलेल्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत राहतो आणि मागचा एसटीवाला हॉर्न वाजवत असतो. रेंजचा जाहिरातीतला आकडा गाठण्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड बळी दिली गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी 17 इंची, वजनाने हलके फ्लो-फॉर्म्ड (दाबाखाली फिरवून घडवलेले) अलॉय आणि 215/55 आर17 चे चांगले टायर घेतले. रेंज थोडी घटली, ती मी आनंदाने सोडली. माझी मुले त्या गाडीत बसतात.

चाकणवाला

दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटते आहे. कंपन्या स्वतःच मोठी चाके देतात. महिंद्राच्या बीई 6 या विजेवरच्या एसयूव्हीला 18, 19 आणि 20 इंच असे पर्याय आहेत. कंपनीने 20 इंच दिले तर ते अभियांत्रिकी आणि ग्राहकाने 18 इंच लावले तर तो अडाणीपणा, हा न्याय मला पटत नाही.

घाटमाथा

चाकणवाला, आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या गाडीची मापे 245/60 आर18, 245/55 आर19 आणि 245/50 आर20 अशी आहेत. गणित करून पाहा: एकूण व्यास 751, 752 आणि 753 मिलिमीटर येतो. रुंदी तिन्हींत एकच. शिवाय 20 इंची चाकावरही साइडवॉल 122 मिलिमीटरहून अधिक उरते, म्हणजे ज्या 18 इंची चाकाबद्दल आपण बोलतो आहोत त्याच्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. ती गाडी पहिल्यापासून त्या चाकांसाठी आखलेली आहे. 16 इंचांसाठी आखलेल्या गाडीशी तिची तुलना होऊ शकत नाही.

दर्यावर्दी, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा आपला मुद्दा मला नाकारता येत नाही. पण त्यासाठी रिम बदलण्याची गरज नव्हती. 16 इंचांतच चांगली पकड देणारे टायर मिळतात.

दर्यावर्दी

मिळतात, पण पर्याय मोजके आहेत, आणि मला हवा असलेला टायर 17 इंचांतच होता. आपण पुण्यात बसून 'गरज नव्हती' म्हणणे सोपे आहे.

वऱ्हाडी पाहुणा

चाकांचा विषय निघालाच आहे तर मूळ दुखण्यावर कोणी बोलत का नाही? नव्या विजेवरच्या गाड्यांतून स्टेपनी काढून टाकली आहे. 2020 च्या नियमबदलाने, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच दिला की स्टेपनी नसली तरी चालते, अशी सोय कंपन्यांना मिळाली. त्यांची जागा वाचली, वजन वाचले, पैसा वाचला. आमचे काय वाचले?

गेल्या उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर, मेहकरच्या पुढे, माझ्या गाडीचा टायर साइडवॉलला कापला गेला. बोटभर लांब चीर होती. संचातले द्रावण त्या चिरेतून पांढऱ्या फेसासारखे बाहेर आले आणि काँक्रीटवर सांडले. असा संच ट्रेडमधल्या (रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागातल्या) खिळ्यासाठी असतो, साइडवॉलसाठी नसतो, हे गाडी विकताना कोणी सांगितले नाही. गाडी ओढून नेता येत नाही, कारण चाके फिरली की मोटरही फिरते. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. तो ट्रक येईपर्यंत आई गाडीत आणि आम्ही सावली शोधत रस्त्याच्या कडेला. स्टेपनी असती तर अर्ध्या तासात मार्गी लागलो असतो.

चाकणवाला

पाहुणे, त्रास खरा आहे, पण स्टेपनी ठेवायची कोठे? जिथे तिचा खड्डा असायचा त्या जागेशी आता बॅटरी आणि मागची मोटर स्पर्धा करतात. वीसएक किलो वजन कायम वाहायचे, तेही वर्षानुवर्षे न लागणाऱ्या वस्तूसाठी.

वऱ्हाडी पाहुणा

सीटबेल्टही बहुतेकांना आयुष्यभर लागत नाही. जागा नाही हे कारण मला सांगू नका. काही गाड्यांत सामानाच्या फळीखाली चक्क फोमचे कप्पे भरलेले असतात, ते मी हाताने उचलून पाहिले आहेत. मुंबई-पुण्यात मदत लवकर पोहोचते म्हणून तिथल्या लोकांना स्टेपनी ओझे वाटते. लोणार, मेहकर, कारंजा या पट्ट्यात रात्री अडकून पाहा.

चाकणवाला

प्रत्येक गोष्ट मुंबई-पुणे विरुद्ध विदर्भ अशी मांडायची असेल तर चर्चाच नको. मी स्वतः नांदेडचा आहे.

टायरदुकान

माझा अलॉय आणि टायरचा व्यवसाय आहे, त्यामुळे माझा स्वार्थ गृहीत धरूनच वाचावे. या दोन्ही विषयांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. स्टेपनी नसलेल्या गाडीत दाब दाखवणारी यंत्रणा हीच राखणदार असते. अनेक गाड्यांत तिचे सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी असतात. नवे अलॉय घेताना चार हजार वाचवण्यासाठी गिऱ्हाईक म्हणते, "सेन्सर राहू द्या, नंतर पाहू." मग डॅशबोर्डवर कायमचा पिवळा दिवा लागतो, त्याची सवय होते आणि हळूहळू हवा गेलेली कळत नाही. अशा गाडीत ना स्टेपनी, ना सूचना. मी अशी चाके बसवून देत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

दुसरे म्हणजे मधले भोक. बाजारातील अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवतात, आणि गाडीचा हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) त्यात नेमका बसण्यासाठी मधे कडे घालावे लागते. ते न घालता एअरगनने नट आवळले की 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, आणि लोक बॅलन्सिंगसाठी तीन-तीन दुकाने फिरतात. ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसते ते माप, चुकला तर बेअरिंगवर भार येतो, वळणावर टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला (आतल्या आवरणाला) घासतो. घाटमाथांनी रेंजवर जेवढे लिहिले तेवढे या बाबींवर लिहायला हवे होते, कारण नऊ टक्के रेंजने कोणी जखमी होत नाही.

तरीही मोठी चाके सरसकट वाईट, हे मला मान्य नाही. एक इंच वाढ, तोच व्यास, तोच किंवा वरचा भारांक, सेन्सरसह, आणि विमा कंपनीला लेखी कळवून, एवढे पाळले तर आमच्याकडची गिऱ्हाइके समाधानी आहेत. 18 इंचांच्या मात्र दर पावसाळ्यात साइडवॉलला फुगा आलेल्या तक्रारी येतात, विशेषतः मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगाव-इंदापूरकडून जाऊन आलेल्यांच्या.

घाटमाथा

टायरदुकान, सेन्सर आणि कड्याचा मुद्दा रेंजपेक्षा महत्त्वाचा आहे, हे मान्य करतो. दर्यावर्दींच्या 17 इंचांवरचा आक्षेपही मी मागे घेतो, कारण 215/55 आर17 चा व्यास 668 येतो आणि साइडवॉल 118 उरते. त्यात 94 भारांक मिळाला असेल तर 690 च्या जागी 670 किलो, हे त्यांनी आपल्या टायरवर वाचून पाहावे. गाडीतील फेरबदलांविषयीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 कडेही लक्ष असावे, कारण अपघातानंतरच्या दाव्यात बदललेल्या चाकांवर बोट ठेवले जाते. 18 इंचांबाबत माझे मत तसूभरही बदललेले नाही.

दर्यावर्दी

वाचून पाहिले. 98 आहे, एक्सएल. म्हणजे 750 किलो. आक्षेप घेण्यापूर्वी विचारले असते तर सांगितले असते.

वऱ्हाडी पाहुणा

आणि दर्यावर्दी, आपण पाचवे चाक घेतले का? मूळ 16 इंची चाकांपैकी एक विकू नका. व्यास चार मिलिमीटरनेच कमी आहे, कमी वेगाने पुढच्या गावापर्यंत नेईल. बूटमध्ये आडवे टाका, सामान कमी घ्या. मी आता तेच करतो.