मेलेला नायक परत येतो तेव्हा: कोरियन आणि चिनी अद्भुत प्रेममालिकांच्या शेवटांविषयी एक प्रश्न

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार. पुढे काही मालिकांचे शेवट उघड केलेले आहेत, त्यामुळे ज्यांना त्या अजून पाहायच्या आहेत त्यांनी येथेच थांबावे.

मराठी-हिंदी मालिकांचा नाद सुटून मी कोरियन आणि चिनी मालिकांकडे वळले, त्याला आता बराच काळ झाला. देव, यक्ष, मृत्युदूत, पुनर्जन्म आणि त्यात गुंफलेली प्रेमकथा हा प्रकार मला मनापासून आवडतो. तरीही शेवटाकडे आले की एक तक्रार दर वेळी डोके वर काढते. या मालिका आरंभी आपल्या जगाचे नियम मोठ्या काटेकोरपणे सांगतात आणि अखेरीस प्रेमी जोडप्यासाठी तेच नियम खुशाल बाजूला सारतात.

२०१६-१७ मधील कोरियन मालिका ‘गॉब्लिन’ घ्या. गोर्यो या कोरियातील जुन्या राजवटीच्या काळातील एक सेनापती राजाच्या आज्ञेने मारला जातो, छातीत तलवार घेऊनच अमर होतो आणि ९३९ वर्षे जगत राहतो. ती तलवार केवळ त्याच्या नियोजित वधूलाच उपसता येते आणि ती उपसली की तो कायमचा नाहीसा होणार असतो. वधू सापडते, तो तिच्या प्रेमात पडतो आणि जिच्या हातून सुटका व्हायची तिच्याचमुळे त्याला जगावेसे वाटू लागते. इतका चिरेबंदी पेच मी क्वचितच पाहिला असेल. तेराव्या भागाच्या अखेरीस तलवार निघते, तो तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो, मी पोटभर रडून घेते आणि पुढे कथेतील नऊ वर्षे उलटल्यावर महाशय परत हजर! मग त्या तलवारीला अर्थ काय उरला?

माझा प्रश्न असा की, ही लेखकाची पळवाट मानावी की या प्रकाराची रीतच मानावी? आणि स्वतःचा नियम शेवटपर्यंत पाळणारी एखादी मालिका कुणी सुचवू शकेल का?

रातराणी:

आपली तक्रार इतर पुष्कळ मालिकांना लागू पडेल, परंतु ‘गॉब्लिन’ला ती लावणे मला अन्यायाचे वाटते. मेणबत्तीचा नियम आपण विसरलात. नायिकेने ज्योत फुंकून विझवली की तो जेथे असेल तेथून तिच्यापुढे येऊन उभा राहतो, हे पहिल्याच भागांत ठरलेले आहे आणि सुरुवातीला त्याचा उपयोग निव्वळ विनोदासाठी केलेला आहे. बिचारा हातातले काम टाकून धापा टाकत पोहोचतो. पुढे दोघांमध्ये एक लेखी करार होतो आणि त्यात, दरवर्षी पहिला बर्फ पडेल त्या दिवशी तिने बोलावले तर यायचे, असे एक कलम असते. नाहीसा झाल्यावर त्याच्यापुढे शांत होऊन निघून जाण्याचा मार्ग मोकळा असतो. तो नाकारून तो कुठल्याच लोकात नसलेल्या पोकळीत एकटा भटकत राहतो. नऊ वर्षांनी, त्याची काहीच आठवण उरलेली नसताना, ती बर्फ पडत असताना मेणबत्ती विझवते आणि तो येतो. येथे कोणताही नियम मोडलेला नाही. तलवारीच्या नियमाइतकाच जुना दुसरा नियम लेखिका किम उन-सूक यांनी आपल्या डोळ्यांसमोर ठेवला होता. आपण त्याकडे गंमत म्हणून पाहिले, एवढेच.

माझा आक्षेप वेगळाच आहे. नायिका आरंभी शाळेत शिकणारी मुलगी आहे आणि नायक शतके पाहिलेला पुरुष. गणवेशातल्या मुलीशी रंगवलेले हे प्रेम मला आजही खटकते आणि ‘तो अमर आहे, मग वयाचा प्रश्न कुठे येतो’ हे त्यावरचे उत्तर मला पटत नाही.

म्हसरूळकर:

रातराणी यांचा मेणबत्तीचा मुद्दा मान्य करून मी तो थोडा पुढे नेतो. आपल्याकडे ज्या कथेच्या नावाने वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, त्या कथेतही मेलेला नायक परत येतोच. पण सावित्री यमाचा नियम मोडत नाही, त्याच्याकडे दयेची भीकही मागत नाही. ती त्याच्या मागोमाग चालत राहते, एकेक वर मिळवते आणि अखेरीस पुत्रप्राप्तीचा वर त्याच्याकडून अशा रीतीने घेते की, सत्यवानाला परत दिल्याशिवाय यमाला आपला शब्द खरा करताच येत नाही. मृत्यू स्वतःच्याच शब्दांत अडकतो. म्हणून ते पुनरागमन फुकटचे वाटत नाही. माझ्या मते अद्भुत प्रेमकथेला लावायची कसोटी हीच: नायक परत आला की नाही, यापेक्षा तो कोणत्या वाटेने परत आला हे पाहावे.

ही कसोटी चिनी मालिकांना लावली तर निकाल संमिश्र लागतो. २०१८ च्या ‘ॲशेस ऑफ लव्ह’मध्ये नायिकेला जन्मतःच एक गोळी गिळायला लावलेली असते, जिच्यामुळे तिला प्रेम जाणवूच नये. ती ज्याच्यावर नकळत प्रेम करते त्यालाच गैरसमजातून स्वतःच्या हाताने मारते, त्याच क्षणी रक्ताच्या उलटीबरोबर ती गोळी बाहेर पडते आणि आपण काय गमावले हे तिला तेव्हा कळते. एका गोळीतून इतके पिळून काढणे हे लेखनाचे खरे कसब आहे. त्यानंतर मात्र कथा आणखी बरीच लांबते आणि त्या क्षणाची धार बोथट होते. २०१७ च्या ‘इटर्नल लव्ह’चे ५८ भाग आहेत, त्यातही नायिकेचा मर्त्य जन्म, तिचे डोळे काढून दुसरीला देणे आणि तिने उंच चौथऱ्यावरून घेतलेली उडी, हा पट्टा अप्रतिम आहे, परंतु शेवटी नायकाचे परतणे मला केवळ प्रेक्षकांच्या आग्रहाखातर वाटले. २०२० मध्ये चीनच्या प्रसारण नियामकाने मालिका चाळीस भागांच्या आत ठेवण्याची सूचना काढली. इतर बाबतींत सरकारी हस्तक्षेपाचे कौतुक करण्याचे मला काही कारण नाही, पण या एका सूचनेने प्रेक्षकांचे भलेच केले.

इंदिरानगरची सून:

आमच्या घरी ‘गॉब्लिन’ सासूबाईंच्या सोबतीने पाहिली जाते आणि मी खालची अक्षरे त्यांना मराठीत सांगत जाते. काळी टोपी घातलेला, मृतांना चहा पाजून त्यांच्या आठवणी पुसणारा तो देखणा मृत्युदूत पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्यांनी विचारले, “हा यम होय? मग रेडा कुठे बांधलाय?” तेव्हापासून आमच्याकडे त्याला रेडेवालाच म्हणतात. सासूबाईंना नायकापेक्षा त्याची आणि त्याच्या प्रेयसीची, सनीची, कथा अधिक आवडते. माझेही मत तेच आहे, कारण मागच्या जन्मीचे पाप या जन्मी कळल्यावर त्या दोघांना जे सोसावे लागते, त्यातून त्यांना कोणतीही मेणबत्ती सोडवत नाही.

गोदाकाठ (नाशिक):

रातराणी, करारातले ते कलम माझ्या ध्यानातून पार गेले होते, आता तो भाग पुन्हा पाहीन. म्हसरूळकर यांची कसोटीही मला पटली, मात्र तिच्याबद्दल एक शंका आहे. वाट कितीही रीतसर असली तरी परत येणे ठरलेलेच असेल, तर वियोगाच्या प्रसंगाला प्रेक्षकाने मनापासून का रडावे? सावित्रीची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे तेथे रडणे नसतेच, तेथे कौतुक असते. नव्या मालिकेकडून मला कौतुकाआधी धास्ती हवी असते. म्हणून दुसरा प्रश्न पुन्हा विचारते: जाणारे माणूस खरोखर गेले, अशी एखादी मालिका आहे का?

तिसरी घंटा:

आहे. २०१९ ची ‘हॉटेल डेल लुना’, सोळा भाग. मृतात्म्यांसाठी चालणाऱ्या एका हॉटेलची मालकीण जुन्या अपराधापायी तेराशे वर्षांहून अधिक काळ तेथे बांधली गेली आहे. तेथे एक वठलेले झाड आहे आणि तिचा थांबलेला काळ पुन्हा वाहू लागला की त्या झाडाला पालवी फुटते. म्हणजे ती माणसात येऊ लागली, प्रेमात पडली, की झाड फुलणार. आणि फुले गळून पडली की तिला परलोकात जावे लागणार. व्यवस्थापक म्हणून आलेला तरुण तिच्यावर जितके प्रेम करतो तितका तिच्या जाण्याचा दिवस तो स्वतःच जवळ आणतो, आणि हे दोघांनाही ठाऊक असते. शेवटी ती जाते. पुढच्या एखाद्या जन्मी भेटावे अशी इच्छा तेवढी उरते, त्यापलीकडे लेखिका काहीही देत नाहीत.

याच लेखिकांनी, म्हणजे होंग भगिनींनी, २०१० मध्ये नऊ शेपट्यांच्या कोल्हीणीची ‘माय गर्लफ्रेंड इज अ गुमिहो’ लिहिली होती आणि तेथे नाहीशी झालेली नायिका त्यांनी शेवटच्या भागात परत आणली होती. दोन्ही मालिका लागोपाठ पाहिल्या की नऊ वर्षांत त्यांचा प्रेक्षकांवरचा विश्वास किती वाढला ते दिसते. (जाता जाता: मानवी पुरुषावर भाळून रूप पालटून आलेल्या परजातीच्या स्त्रीला कोरियात नायिका करतात. आपल्या पंचवटीत तिचे नाक कापले आणि गावाला त्यावरून नाव पडले, असे आपण अभिमानाने सांगतो. रामायणातल्या शूर्पणखेच्या बाजूने एखादी मराठी मालिका कुणी लिहिली तर मी रोज रात्री ठरल्या वेळी टीव्हीपुढे बसेन.)

त्यांचीच २०२२ ची ‘अल्केमी ऑफ सोल्स’ मात्र तुम्हाला सुचवणार नाही. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जाण्याचा तिचा नियम सुरेख आहे, पण पहिल्या वीस भागांनंतर दुसऱ्या पर्वाच्या दहा भागांत नायिकेची अभिनेत्रीच बदलते. कथेत त्याला कारण दिलेले आहे आणि ते नियमाला धरूनही आहे; तरी पहिल्या अभिनेत्रीची नजर आणि बोलण्याची ढब यांची इतकी सवय झालेली असते की दुसरीशी सूर जुळायला निम्मे पर्व खर्ची पडते. तुमची धास्तीची अट ती पूर्ण करणार नाही.

गोदाकाठ (नाशिक):

आभारी आहे. ‘हॉटेल डेल लुना’ याच शनिवारी सुरू करते. त्यातले भुतांचे प्रसंग फार भीतीदायक असतील तर तेवढे आधी सांगावे, कारण धाकटी भाची सोबत बसणार आहे.

तिसरी घंटा:

काही प्रसंग भीतीदायक आहेत, विशेषतः सुरुवातीच्या भागांत. भाची लहान असेल तर ते आधी तुम्ही एकट्याने पाहून घ्या.