मदत हवी आहे : मोटर पळते, होडी हलत नाही, शाफ्ट कमी पडतो आहे का?

वेसावे_खाडी : नमस्कार मंडळी. पावसाळी बंदी लागण्यापूर्वी वडिलांच्या फायबरच्या होडीसाठी ९.९ अश्वशक्तीची जुनी ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून टांगायची मोटर) घेतली. वेग वाढवला की, आणि वळताना तर हमखास, मोटर एकदम किंचाळल्यासारखी पळते आणि होडी जागच्या जागी राहते. एका मिस्त्रीने पंखा बदलला, दुसऱ्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. काडीचाही फरक पडला नाही. विकणाऱ्याने लाँग शाफ्ट (लांब दांड्याची) म्हणून दिली होती आणि मी मोजली तेव्हा ती २२ इंच भरली. नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

खाडीकाठ : ट्रान्समची, म्हणजे मोटर जिच्यावर बसते त्या होडीच्या मागच्या उभ्या फळीची, उंची किती आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. ती कळल्याशिवाय नेमके उत्तर कोण देणार?

माहीम_मिस्त्री : २२ इंच हे मापच मला खटकते. साधारणपणे शॉर्ट शाफ्ट १५ इंचांचा, लाँग २० चा आणि एक्स्ट्रा लाँग २५ चा असतो. कंपनीप्रमाणे अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे. मोटरचे ब्रॅकेट (पकड) ज्या जागी ट्रान्समच्या माथ्यावर टेकते तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या चपट्या प्लेटपर्यंत, म्हणजे कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत, मोजायचे असते. आपण बहुधा पंख्याच्या मध्यापर्यंत टेप नेला आहे.

गोडे_पाणी : कोणतीही ओबीएम खाऱ्या पाण्यातून आली की गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवावी. माझी मोटर याच एका सवयीमुळे इतकी वर्षे टिकली.

खाडीकाठ : सल्ला चांगला आहे, पण त्यांनी तो विचारलेला नाही.

वेसावे_खाडी : माहीमकर काका, आपले म्हणणे खरे निघाले, मी पंख्याच्या मध्यापर्यंत मोजले होते. प्लेटपर्यंत साडेपंधरा इंचच भरते. ट्रान्सम १७ इंच आहे. दीड इंचाने एवढा फरक पडतो का?

माहीम_मिस्त्री : १७ इंच कुठपर्यंत मोजले?

वेसावे_खाडी : पाण्याच्या रेषेपर्यंत. दुसरे कुठे मोजणार?

माहीम_मिस्त्री : पाण्याची रेषा माणसे आणि जाळे चढले की बदलते, त्यामुळे ते माप धरता येत नाही. ओहोटीला होडी वाळूवर बसली की ट्रान्समच्या मधोमध, माथ्यापासून तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत सरळ उभे मोजावे. ट्रान्सम मागे कललेला असतो म्हणून टेप फळीला चिकटवून तिरका धरू नये. मग मोटर उभी ठेवून तळाला एक सरळ पट्टी लावावी आणि ती मागे प्लेटपर्यंत न्यावी. प्लेट पट्टीच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली असली पाहिजे.

वेसावे_खाडी : आज ओहोटीला मोजले. ट्रान्सम पावणेवीस इंच आहे. पट्टी आणि प्लेट यांच्या मध्ये माझी उभी मूठ मावली, म्हणजे प्लेट सव्वाचार इंच वर आहे. बाबा मागे बसले की मोटर बरी चालते आणि ते नाळेकडे (पुढच्या टोकाला) गेले की पळते, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

माहीम_मिस्त्री : नक्कीच आहे. ते पुढे गेले की होडीची मागची बाजू उचलली जाते. पंख्याचा वरचा भाग तळाच्या आडोशाला आहे, त्याला पुरेसे पाणी मिळत नाही आणि तो वरून हवा ओढतो. हवेत पंख्याला जोर लागत नाही, म्हणून मोटर पळते. वळताना मोटरच्या मागून बाहेर पडणारी, मोटर थंड करणाऱ्या पाण्याची धार तुटते का, ते सांगा. थंड पाणी आत घेणारी छिद्रेही खालीच असतात. त्यांत हवा गेली तर मोटर तापून पिस्टन जाम होईल.

वेसावे_खाडी : धार तुटते. मी तिकडे लक्षच दिले नव्हते.

वरळी_होडी : मोटर बदलू नका. ट्रान्सममध्ये सव्वाचार इंचांची खाच कापा आणि मोटर खाली बसवा. माझ्या होडीला मी तेच केले, एका दिवसात काम झाले.

खाडीकाठ : हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. खाच कापली की मागची बाजू तिथे तेवढी बुटकी होते. उधाणाच्या भरतीत खाडीच्या तोंडाशी मागून लाट आली तर पाणी सरळ होडीत येईल.

वरळी_होडी : खाचेच्या पुढे आडवा बांध घालून पाणी बाहेर जायला भोके ठेवली तर येत नाही. माझ्या होडीत आलेले नाही.

माहीम_मिस्त्री : बांध घातला तरी फायबरच्या आतले प्लायवूड कापलेल्या कडेला उघडे पडते. ते रेझिनने नीट बंद केले नाही तर कुजते, आणि मोटरचा सगळा भार त्याच फळीवर असतो. ट्रान्सम पावणेवीस इंच असताना लाँग शाफ्ट जवळजवळ बरोबर बसतो. मोटर बदलून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

वेसावे_खाडी : बाबांनीही होडी कापायला साफ नकार दिला. विकणारा वरचे पैसे घेऊन लाँग शाफ्टची मोटर द्यायला तयार झाला आहे. उद्या सकाळी जातो.

माहीम_मिस्त्री : पैसे देण्यापूर्वी टेप स्वतः लावा, प्लेटपर्यंतच. पावणेवीस ते पावणेएकवीस इंचांच्या दरम्यान भरली तरच उचला.