मदत हवी आहे : रहदारीच्या आवाजाच्या नकाशात हॉर्न कसा धरायचा?

नाशिकमध्ये द्वारका ते गंगापूर रोड या पट्ट्याचा नकाशा करायचा आहे. आवाज मोजायचा मीटर क्लास १ चा (सर्वांत अचूक वर्ग), मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासलेला. माइक जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून साडेतीन मीटर लांब. भिंतीजवळ नेला की परावर्तनाने ३ डेसिबलपर्यंत फुकटची वाढ मिळते. फोमची टोपी कायम. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की मोजणी बंद. दुचाकी, रिक्षा, कार आणि बस-ट्रक व्हिडिओवरून वेगवेगळे मोजलेले.

मोजलेले बिंदू क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते आयडीडब्ल्यूने (जवळच्या बिंदूंना जास्त वजन देऊन मधले आकडे भरण्याची पद्धत) जोडले, तर पाण्यात खडे टाकल्यासारखी वर्तुळं उमटतात, इमारतींचा आडोसा कुठेच दिसत नाही. म्हणून नॉइजमॉडेलिंग या सॉफ्टवेअरमध्ये वाहनांवरून आवाजाचं गणित करणारी सीनॉसॉस पद्धत घेतली. पण ती युरोपातली. इंजिन आणि टायर धरते, हॉर्न नाही. त्यामुळे सिग्नलपाशी गणिताचा आकडा मोजणीपेक्षा कमी पडतो. वाहनसंख्या फुगवणं ही पळवाट वाटते : दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि हॉर्नचे स्वरपट्टे टायरपेक्षा वेगळे असल्याने आडोशाचा हिशेबही चुकतो.

तर हॉर्न सिग्नलपाशी स्वतंत्र बिंदुस्रोत (एकाच जागेवरून निघणारा आवाज) म्हणून घालावा, की मिनिटाला किती हॉर्न वाजतात त्यावरून दुरुस्ती लावावी? बिंदुस्रोत असेल तर उंची किती? आणि रात्री १० ते सकाळी ६ साठी (निवासी मर्यादा ४५ डेसिबल) पंधरा मिनिटांचे नमुने चालतील का? मध्यरात्री एकच ट्रक गेला तरी लेक्यू (त्या वेळेतली आवाजाची ऊर्जा-सरासरी) उसळतो.