डायलिसिसवर सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय: हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा चालेल का?

सह्यकडा: बाबा ६४ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस, लघवी जवळपास बंद. सीआरपी १८, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.३. रक्तवाढीचं इंजेक्शन चालू असूनही हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल चालू आहे. दाह कमी व्हावा म्हणून हळद-मिरीच्या कॅप्सूल आणि गुळवेल-पुनर्नव्याचा काढा सुरू करावा, असं नातेवाईक सुचवतात. द्यावं का?

आहार_किडनी: काढा नको, अजिबात नको. उकळताना वनस्पतीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि पुनर्नव्यात ते मुळातच भरपूर असतं. लघवी बंद असेल तर ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. शुक्रवार ते सोमवार असा मोठा खंड पडला की हृदयाची लय बिघडण्याची भीती. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्यात. ज्येष्ठमधानं बीपी चढतो. भस्म असलेली औषधं तर घरातही ठेवू नका, शिसं-पारा निघालेला आहे त्यांत.

आमटी-भाजीतली हळद खुशाल चालू ठेवा. एका चमच्यात पोटॅशियम साधारण ६० मिलिग्रॅम, तेही सगळ्या घराच्या भाजीत वाटलं जातं.

फिस्टुला_सिस्टर: कॅप्सूलची गोष्ट वेगळी. इराणमधल्या २०१४ च्या एका चाचणीत ५०० मिलिग्रॅम हळद दिवसातून तीनदा, ८ आठवडे दिली. खाज आणि सीआरपी दोन्ही उतरले. पण रुग्ण शंभरच, आणि त्या कॅप्सूलमध्ये मिरी नव्हती. मिरीतलं पायपेरीन हळदीबरोबर इतर औषधांचंही शोषण वाढवू शकतं. त्यात क्लोपिडोग्रेल, शिवाय मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिन. सुई काढल्यावर एरवी दहा मिनिटांत थांबणारं रक्त वीस मिनिटं दाबूनही थांबत नाही. हळदीतलं ऑक्झलेट (एक क्षार) हेही या रुग्णांत साचतं. म्हणून नेफ्रॉलॉजिस्टला बाटली दाखवल्याशिवाय सुरुवात नको.

आरओ_टेक्निशियन: पण १८ सीआरपी आला कुठून, ते आधी शोधा. दाह असला की हेप्सिडिन (लोहाची ये-जा रोखणारं संप्रेरक) वाढतं, लोह साठ्यातच अडकतं आणि इंजेक्शन लागू पडत नाही. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) भरपूर दिसलं तरी फसू नका, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (वापरायला मिळणारं लोह) बघा. हिरड्या तपासून घ्या. बंद पडलेला जुना ग्राफ्ट (डायलिसिससाठी बसवलेली कृत्रिम नळी) हातात असेल तर तोही दाखवा, बाहेरून काही दिसत नसलं तरी आत जंतुसंसर्ग असू शकतो. सेंटरला डायलिसिससाठी शुद्ध केलेल्या आरओ पाण्याचा कल्चर (जंतूंची तपासणी) आणि एंडोटॉक्सिनचा (जंतूंपासून येणारं विष) ताजा रिपोर्ट मागा. तो मागायला संकोच कसला? डायलिसिस फिस्टुलातून (हातातली जोडलेली रक्तवाहिनी) होतं की कॅथेटरमधून (शिरेत घातलेली नळी)?

सह्यकडा: मानेतल्या कॅथेटरमधून. मशीन लावल्यावर अर्ध्या तासात कधीकधी हुडहुडी भरते.

फिस्टुला_सिस्टर: मग पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, कॅथेटरमध्ये जंतुसंसर्ग असू शकतो, आजच डॉक्टरांना फोन करा. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यायला सांगा. कॅथेटरच्या तोंडाशी लाली, पू किंवा दुखरेपणा आहे का, तेही बघून सांगा.