नारायण पेठेतला वाडा ट्रस्ट करून वाचवता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत आमचा दोन चौकी वाडा आहे. पुढच्या चौकाचे सागवानी खांब, दिंडी दरवाजावरची गणेशपट्टी आणि माडीचा कडीपाट (लाकडी छत) अजून शाबूत आहे. मागचा चौक १९६१ च्या पानशेतच्या पुरात बसला, तिथे नंतर पत्र्याच्या खोल्या उठल्या. वारस म्हणजे आम्ही तीन चुलतभावंडं आणि दोन आत्या. भाडेकरू चार, त्यातलं एक रस्त्यावरचं दुकान. सगळ्यांचं भाडं मिळून घरपट्टीलाही पुरत नाही. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि तिच्या मागोमाग बिल्डरचा माणूस. त्याला कसं कळतं, देव जाणे.

आमच्या मनात आहे ते असं: पुढचा चौक नीट करून तिथे अभ्यासिका, लहानसहान प्रदर्शनं, कधी बैठकीचं गाणं. घरातले मोडी कागदही तिथेच लावून ठेवायचे. नफा कुणालाच नको. 'पालिकेला देऊन टाका' हा सल्ला मात्र कृपया नको. विश्रामबागवाडा पालिकेकडे आहे, आगाखान पॅलेस १९६९ मध्ये देशाला दिला गेला. पण त्या वास्तूंना इतिहासात नाव आहे. केसरीवाडा ट्रस्टकडे आहे, तिथे टिळक राहिले. आमच्या वाड्यात कोणीही मोठं जन्मलं नाही, एवढाच त्याचा दोष. आणि भिडे वाड्यात तर १८४८ ची मुलींची शाळा होती, तरी प्रकरण २०२३ पर्यंत कोर्टात राहिलं आणि शेवटी मूळ इमारत पाडून स्मारक करायचं ठरलं.

तर ट्रस्ट, सोसायटी (म्हणजे नोंदणीकृत संस्था) की कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, ना-नफा कंपनी? भाडेकरूंचं काय होतं? आणि वीस वर्षांनी विश्वस्तच वाडा विकायला निघाले तर त्यांना अडवणार कोण? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

वकिली केली आहे, त्यातही धर्मादायची कामं जास्त, म्हणून लिहितो.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, बक्षीस द्यायला किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिल्डरला परस्पर देणं त्यामुळे सोपं नाही. पण अशक्यही नाही, कारण परवानगी मिळू शकते. म्हणून न्यासपत्रातच, म्हणजे ट्रस्ट स्थापन करण्याच्या दस्तातच, उद्देश घट्ट लिहा आणि निम्म्याहून जास्त विश्वस्त घराबाहेरचे घ्या. सोसायटीला सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंदणी शेवटी धर्मादायकडेही होतेच. कंपनीचे सोपस्कार एका वाड्यासाठी मला जड वाटतात.

लोक अडकतात ते ट्रस्टच्या आधी. प्रॉपर्टी कार्डावर आज कोणाची नावं आहेत? आजोबांचंच असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. आत्यांना हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) करायचं असेल तर ते सहहिस्सेदाराच्याच नावे होतं. परस्पर ट्रस्टच्या नावे केलं तर ते बक्षीसपत्र धरलं जातं. मुला-नातवंडांना घर बक्षीस देताना जी दोनशे रुपयांच्या मुद्रांकाची सवलत आहे, ती ट्रस्टला नाही. नारायण पेठेच्या रेडीरेकनरने (मिळकतीच्या सरकारी दराने) मुद्रांकाचा आकडा काढून घ्या, मगच उत्साह धरा.

दुसरा मार्ग: मालकी घरात ठेवून फक्त पुढचा चौक ट्रस्टला नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्या. पण २९ वर्षांच्या वर गेलात तर मुद्रांक जवळपास खरेदीएवढा. भाडेकरूंना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण राहतंच. ट्रस्ट झाला म्हणजे फक्त मालक बदलतो. दुकानदाराला विरोधक समजू नका, वाडा पडला तर त्याचंही दुकान जाईल.

प्रतिसाद २

जुन्या वाड्यांची दुरुस्ती करते. कागद होईपर्यंत पाऊस थांबणार नाही. आधी कौलं परतून घ्या आणि पन्हळी मोकळ्या करा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासा, कूज तिथेच लागते आणि वरून दिसत नाही. चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको, ओल आतच कोंडते. आणि वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे हेरिटेज कक्षात विचारा. यादीत असेल तर काम काढण्याआधी परवानगी घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव आहे, म्हणजे सुरुवात तिथूनच. धाकट्या आत्या तयार आहेत. थोरल्या आत्याही हो म्हणतात, पण त्या अंथरुणाला खिळून आहेत. सही घ्यायला दुय्यम निबंधक (दस्तनोंदणी अधिकारी) घरी येतात का?

प्रतिसाद १

येतात. आजारी माणसासाठी गृहभेटीचा अर्ज करता येतो, शुल्क वेगळं भरावं लागतं. डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि आत्यांना व्यवहार समजतो असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. पुढे एखाद्या भाच्याने आव्हान दिलं तर तोच कामी येईल.