मदत हवी आहे: अ‍ॅस्पेक्टमध्ये स्टोक्स सॉल्व्हर पहिल्याच टाइमस्टेपला अडकतो

मंडळी, जिओडायनॅमिक मॉडेलिंग करणारं कोणी इथे असेल तर जरा बघा.

भारतीय प्लेट तिबेटखाली सरकते त्याचं साधं द्विमितीय मॉडेल अ‍ॅस्पेक्टमध्ये (पृथ्वीच्या आतल्या प्रवाहांचं सॉफ्टवेअर) करतोय. त्यातला स्टोक्स सॉल्व्हर, म्हणजे संथ, चिकट प्रवाहाचा वेग आणि दाब काढणारा भाग, अडकतो. चौकट ३००० किमी रुंद, ६६० किमी खोल. डाव्या भिंतीवर वरच्या १०० किमीत वर्षाला ५ सेंमी वेगाने प्लेट आत ढकलली आहे, त्याखाली वेग शून्य. उजवी भिंत, तळ आणि माथा फ्री स्लिप (आरपार काही जात नाही, पण कडेलगत मोकळं घसरतं). पदार्थ असंपीड्य (दाबून आकारमान न बदलणारा), श्यानता (चिकटपणा) १०^१९ ते १०^२४ पास्कल-सेकंद.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) आधी भराभर उतरतो, मग एका आकड्यावर ठाण मांडतो आणि शेवटी एरर. श्यानतेचं हार्मोनिक अ‍ॅव्हरेजिंग (एक प्रकारची सरासरी) केलं, मेश (गणिताची जाळी) बदलली, ढिम्म फरक नाही. सगळीकडे १०^२१ अशी एकच श्यानता दिली तरी तेच रडगाणं! डावी भिंतसुद्धा फ्री स्लिप केली की मात्र झटक्यात सुटतं. गाइड म्हणतात कोअर (प्रोसेसर) वाढव. सर्व्हरच्या रांगेत नंबर लागेल तेव्हा खरं.

प्रतिसाद १
कोअर वाढवून काही होणार नाही. एकाच श्यानतेलाही अडकतंय, म्हणजे प्रीकंडिशनरला (सॉल्व्हरचं काम सोपं करणारी पायरी) दोष देऊ नका. चौकट बाकी सगळीकडून बंद, आणि डावीकडून माल येतोच आहे. तो जाणार कुठे? असंपीड्य प्रवाहात आत-बाहेरचा हिशेब शून्य नसेल तर समीकरणांना उत्तरच नसतं, सॉल्व्हर बिचारा काय करेल!

१०० किमी गुणिले ५ सेंमी, म्हणजे वर्षाला ५००० चौ.मी. आत. तेवढंच खालच्या ५६० किमीतून बाहेर काढा: वर्षाला साधारण ०.८९ सेंमी. पण १०० किमीवर एकदम उडी नको. ५० किमीत वेग हळूहळू उतरवा आणि मग बाहेरचा वेग पुन्हा मोजा, कारण बेरीज बदलते. आउटपुट वर्षांत ठेवलं असेल तर भिंतीवरचा वेग देणाऱ्या फंक्शनमधला वेगही मीटर प्रति वर्ष धरला जातो, तेवढं तपासा.

प्रतिसाद २
तळ उघडा ठेवून तिथे लिथोस्टॅटिक दाब (वरच्या खडकाच्या वजनाचा) दिला तरी हिशेब आपोआप जुळतो. मात्र ६६० किमीलाच तळ आहे, स्लॅब (खाली बुडणारी प्लेट) सरळ खाली निसटून जाईल. मी तरी वरचाच उपाय करेन.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. फ्लक्स (आत-बाहेरचा प्रवाह) जुळवला आणि एका श्यानतेचं मॉडेल लगेच सुटलं. श्यानता १०^२४ पर्यंत बदलती ठेवली तरी सुटतंय, इटरेशन्स (सॉल्व्हरच्या फेऱ्या) बऱ्याच लागतात इतकंच. आता हिमालयाची उंची बघायला माथ्यावर फ्री सरफेस (वरखाली हलू शकणारा मोकळा पृष्ठभाग) लावायचाय. तिथे टाइमस्टेप किती लहान ठेवता? पृष्ठभाग वरखाली डुलायला लागतो असं ऐकलंय.