मदत हवी आहे: छोट्या पिस्तुलाला अ‍ॅल्युमिनियमची ग्रिप चढवावी का?

नमस्कार. माझ्याकडे सिग पी३६५ आहे, ९ मिमी, मूळ पॉलिमर ग्रिपसकट. महिन्यातून दोनदा रेंजवर जाते. पहिल्या तीस-चाळीस गोळ्या ठीक जातात. मग नळी जास्त उसळायला लागते, पकड ढिली पडते आणि गोळ्या खाली डावीकडे जातात (मी उजवी आहे). अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत राहतं.

परवा एका मैत्रिणीचं तेच पिस्तूल चालवलं. तिने बाहेरून घेतलेली अ‍ॅल्युमिनियमची ग्रिप चढवली आहे. धक्का सौम्य वाटला, नेम लगेच परत जागेवर आला. तेव्हापासून मन तिथेच अडकलंय.

घरी हिशेब मांडला. रिकाम्या मॅगझिनसह पिस्तूल ५०० ग्रॅमच्या आसपास, दहा गोळ्यांचे साधारण १२०. धातूमुळे समजा १०० ग्रॅम वाढले, तर ६२० चे ७२० होतात आणि धक्क्याची ऊर्जा सुमारे १४ टक्क्यांनी उतरते. एवढ्याने हाताला इतका फरक कळतो? की तिच्या ग्रिपचा आकारच मला बसला? ती माझ्या ग्रिपपेक्षा लांब आहे, हे नंतर लक्षात आलं.

दुसरी शंका झिजेची. स्टीलची स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमवर घासत राहिली तर रेल (ती ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) टिकतील का? थंडीत धातू गार लागतो, ते चालेल मला.

प्रतिसाद:
झिजेची काळजी सोडा. पी३६५ मध्ये स्लाइड ज्या रेलवर चालते त्या आतल्या स्टीलच्या फायर कंट्रोल युनिटवर (चापाची यंत्रणा असलेल्या भागावर) असतात. ग्रिप हे बाहेरचं कवच. ग्लॉकच्या पिस्तुलांचं वेगळं आहे: तिथे पॉलिमर फ्रेममध्येच (पकडीसकट खालच्या सांगाड्यातच) स्टीलचे रेल बसवलेले असतात, म्हणून बाहेरची धातूची फ्रेम घेताना तिचे रेल कशाचे, हे आधी विचारावं लागतं.

मला तुमचा आकाराचा अंदाज पटतो. वाढलेलं वजन मुठीत येतं, नळीच्या टोकाशी नाही, त्यामुळे उसळी दाबायला ते कमी उपयोगी पडतं. करंगळीला जागा मिळाली की मात्र पकड बदलते. आधी एक्सएलची (पी३६५ च्याच मोठ्या आवृत्तीची) पॉलिमर ग्रिप आणि तिचं १२ गोळ्यांचं मॅगझिन लावून पाहा. तुमचंच युनिट आणि स्लाइड तिच्यात बसतात.

खाली डावीकडची गोळी बहुधा धक्क्याआधीच मूठ आवळल्याने जाते. कुणाला तरी मॅगझिनमध्ये मधूनच डमी राउंड (न उडणारी खोटी गोळी) भरायला सांगा. चाप ओढताना नळी खाली झुकली, तर कोणतीही फ्रेम ते सुधारणार नाही. आणि दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा.

धागाकर्ती:
करंगळी! माझी कायम मॅगझिनच्या बुडाखाली लोंबकळत असते. मैत्रिणीकडे एक्सएलची जुनी ग्रिप पडून आहे, पुढच्या वेळी तिच्यावरच डमी राउंड घालून बघते.